जादू, प्रलय आणि खून : वाचायचं कसं, मत द्यायचं कसं

एप्रिल लागला की वऱ्हाडात दुपारी बारानंतर घराबाहेर पडायची सोय राहत नाही. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर सहज जातो. कूलरच्या टाकीत दोन बादल्या पाणी ओतायचं, खिडकी ओढून घ्यायची आणि ऊन उतरेपर्यंत पुस्तक घेऊन बसायचं, हा माझा अनेक वर्षांचा उन्हाळा आहे. गेल्या उन्हाळ्यात मी ठरवून तीनच प्रकारच्या कादंबऱ्या वाचल्या : जादूच्या दुनियेतल्या, जग कोसळल्यानंतरच्या आणि खुनाच्या. काही पहिल्यांदा वाचल्या, काही पुन्हा काढल्या.

ओळखीची मंडळी विचारत, "कसं आहे हो पुस्तक?" सुरुवातीला मीही "मस्त आहे", "ठीकठाक आहे" म्हणून मोकळा व्हायचो. मग लक्षात आलं, की या उत्तराने विचारणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. त्याने ते पुस्तक घ्यावं की नाही, कोणत्या मनःस्थितीत घ्यावं, मुलाच्या हातात द्यावं का, यातलं एकही कोडं सुटत नाही. आवडलं-नावडलं ही प्रतिक्रिया झाली. कारण दाखवता आलं की तिचं मत होतं. ते मत कसं तयार करायचं, एवढ्यासाठी हा लेख आहे.

आधी मनातला संकोच काढा

या कादंबऱ्या हलक्या, वेळ घालवायच्या, असं आपल्याकडे अजून समजलं जातं. मराठी कादंबरीचा इतिहास मात्र दुसरंच सांगतो. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची. तिच्या पाठोपाठ १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. या दोन्ही अद्भुतरम्य कादंबऱ्या. १९१३ मधल्या नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने कितीतरी पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, काळापहाड आणि धनंजय-छोटू ही पात्रं ज्यांच्या घरी एरवी पुस्तक यायचं नाही त्या घरांतही पोचली होती. नारायण धारप, सुहास शिरवळकर, गुरुनाथ नाईक, रत्नाकर मतकरी, जयंत नारळीकर ही नावं याच वाटेवरची.

वऱ्हाडी माणसाला तर अद्भुत बाहेरून शिकायची गरजच नाही. चिखलदऱ्याला गेलेलं प्रत्येक मूल भीमाने कीचकाला दरीत कसं फेकलं ते ऐकतं. लोणारच्या सरोवराला आपण लवणासुराची गोष्ट जोडली आहे आणि तिथे उल्का पडल्याचं शास्त्रही आपल्याला ठाऊक आहे. दोन्ही गोष्टी एकाच मनात सुखाने नांदतात. असं मन हीच या वाचनाची पूर्वतयारी. तेव्हा पुस्तक वर्तमानपत्राखाली लपवू नका.

तिन्ही प्रकारांना एकच फूटपट्टी मात्र लावता येत नाही. खुनाच्या कादंबरीकडून जे मागायचं ते जादूच्या कादंबरीकडून मागितलं की आपणच निराश होतो. मी प्रत्येक प्रकारासाठी एकेक प्रश्न ठरवून घेतला आहे.

जादूच्या कादंबरीला विचारा : किंमत कोण मोजतं?

जादू फुकट मिळत असेल तर गोष्टीत जीव राहत नाही. नायकाने हात फिरवला आणि संकट टळलं, हे तीनदा झालं की चौथ्यांदा आपल्याला त्याची काळजी वाटेनाशी होते. म्हणून वाचताना दोन गोष्टींवर नजर ठेवा. या दुनियेत जादूचे नियम आहेत का? आणि ती वापरणाऱ्याला काय गमवावं लागतं?

उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही १९६८ मधली छोटीशी कादंबरी या कसोटीला पुरेपूर उतरते. तिथल्या जादूचं मूळ नावात आहे. प्रत्येक वस्तूला आणि प्राण्याला एक खरं नाव असतं आणि ते ज्याला कळलं त्याची त्यावर सत्ता चालते. गेड नावाचा हुशार, गर्विष्ठ पोरगा ईर्ष्येपोटी नको ती जादू करून बसतो. त्यातून सुटलेली एक सावली त्याचा पाठलाग करते. सगळी कादंबरी त्या एका चुकीची परतफेड आहे.

हे वाचताना मला आमची आजी आठवली. रात्री घरात कुणी सापाचं नाव काढलं की ती दटावायची, "नाव नको घेऊ रे, जनावर म्हन." नवऱ्याचं नाव तिने उखाण्याखेरीज कधी उच्चारलं नाही. नाव घेतलं की ती गोष्ट समोर येऊन उभी राहते, हा तिचा पक्का समज होता. अर्थसीच्या बेटांवरच्या जादूगारांना आजीचं म्हणणं लगेच पटलं असतं. परदेशी पुस्तक आपलं वाटायला लागतं ते असं, आपल्या घरातला धागा सापडला की.

टॉल्कीनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा मुग्धा कर्णिक यांनी केलेला 'स्वामी मुद्रिकांचा' हा मराठी अनुवाद उपलब्ध आहे. माझं स्पष्ट मत असं, की सुरुवातीची शंभरेक पानं संथ आहेत आणि पुष्कळ वाचक तिथेच थांबतात. थांबू नका. नकाशा समोर ठेवा, गाणी पहिल्या वाचनात ओलांडलीत तरी चालेल. जिच्याभोवती गोष्ट फिरते ती अंगठी वाहून नेणारा फ्रोडो पानागणिक थकत जातो, तो थकवा हेच त्या कादंबरीचं मोठेपण आहे.

मराठीत अशा तोलाचं काही हवं असेल तर जी. ए. कुलकर्णींचं 'रमलखुणा' घ्या. त्यातल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दीर्घकथा कोणत्याही नकाशावर नसलेल्या प्रदेशात घडतात. वाचायला सोप्या नाहीत. दिवसाला दहा पानं, तीही सकाळच्या गारव्यात, असा बेत ठेवा. शाळकरी मुलांसाठी 'हॅरी पॉटर आणि परीस' हा अनुवाद आणि भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न हे अजूनही उत्तम प्रवेशद्वार आहे.

जग कोसळल्यानंतरच्या कादंबरीला विचारा : काय उरलं?

या कादंबऱ्यांत साथ, युद्ध किंवा निसर्गाचा कोप होऊन जग मोडलेलं असतं आणि थोडी माणसं उरलेली असतात. नवखा वाचक जग कसं मोडलं यात अडकतो. चांगला लेखक ते पाच ओळींत उरकतो. त्याला पुढचं सांगायचं असतं : काय उरलं, ते कोण सांभाळतं आणि कशासाठी.

कॉर्मॅक मॅकार्थी यांच्या 'द रोड'ला २००७ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळालं. राखेने झाकलेल्या देशातून एक बाप आपल्या लहान मुलाला घेऊन, बाजारहाटाची ढकलगाडी ढकलत दक्षिणेकडे निघाला आहे. दोघांना नावंही नाहीत. एके ठिकाणी बापाला कोकाकोलाचा एकच डबा सापडतो आणि तो मुलाला देतो. मुलाने ती चव कधी घेतलेली नाही. तो एक घोट घेतो आणि बापालाही प्यायला लावतो. जग गेलं, तरी अर्धं वाटून घेण्याची रीत उरली. माझ्या मते त्या पुस्तकातली ही सर्वांत मोठी घटना आहे. एक सूचना मात्र मनापासून करतो. घरात नुकतं दुःख झालं असेल, मन खचलेलं असेल, तर 'द रोड' हातात घेऊ नका. ते पुस्तक वाट बघेल.

त्याऐवजी एमिली सेंट जॉन मँडेल यांची २०१४ मधली 'स्टेशन इलेव्हन' घ्या. तापाच्या साथीने जग ओस पडलं आहे आणि गावोगाव फिरून शेक्सपिअरची नाटकं करणारी नटांची आणि वादकांची एक मंडळी त्या उजाड रस्त्यांवरून चालली आहे. एका बंद पडलेल्या विमानतळावर कुणीतरी जुन्या जगाचं संग्रहालय मांडलं आहे. त्यात चालू न होणारे मोबाइल आहेत, कशाच्याही कामाची न राहिलेली क्रेडिट कार्डं आहेत. पोटाला अन्न नसताना नाटक कशाला, हा प्रश्न ज्यांनी खडीगंमत किंवा दंडार करणारी मंडळी पाहिली आहेत त्यांना पडणार नाही. दुष्काळी सालातही त्यांचे खेळ बघायला माणसं जमत.

हा प्रकार आपल्याला परका वाटू नये, याची कारणं आपल्याच जिल्ह्यांत आहेत. १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडाने भोगला. फेब्रुवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राचा बराच भाग उघडलेला असताना अमरावती आणि अकोल्यात पुन्हा टाळेबंदी लागली होती. ओस पडलेला अमरावतीचा राजकमल चौक आपण डोळ्यांनी पाहिला आहे. आणि दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याकडचा खारपाणपट्टा तर रोजचाच. तिथे विहिरीला पाणी लागतं, पण ते खारट. तहानेल्या माणसासमोर भरलेली विहीर आणि तिचं पाणी पिता येत नाही, याहून भेदक प्रसंग कोणत्या परदेशी लेखकाला सुचणार?

म्हणून माझा आग्रह आहे, की एक परदेशी कादंबरी झाली की सदानंद देशमुखांची 'तहान' वाचा. देशमुख आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले. 'बारोमास'साठी त्यांना २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'तहान' ही पाणीटंचाईची कादंबरी. कोणीही तिला प्रलयानंतरची कादंबरी म्हणत नाही, कारण त्यात उद्याचं काहीच नाही. पण पाणी आटलं की शेजारधर्म कसा आटतो, हे 'द रोड'च्या बाजूला ठेवून वाचलं तर दोन्ही पुस्तकं जास्त कळतात. एकात सगळ्या जगाचा शेवट आहे, दुसऱ्यात एका गावाचा. दोन्हीकडे प्रश्न तोच : काय उरलं?

खुनाच्या कादंबरीला विचारा : मेलेल्या माणसाचं काय?

खून कोणी केला हे शेवटी कळतंच. कसोटी निराळी आहे. जो मेला तो लेखकाच्या लेखी माणूस होता, की गोष्ट सुरू करायला आणलेलं एक प्रेत? पुस्तक मिटल्यावर मृताचं नाव, त्याचा स्वभाव, त्याच्या मागे राहिलेली माणसं आठवत असतील, तर कादंबरी चांगली. दुसरी कसोटी प्रामाणिकपणाची. सगळे दुवे लेखकाने आपल्यासमोर ठेवले होते का? शेवटच्या प्रकरणात अचानक जुळा भाऊ उगवला, तर ती फसवणूक समजा.

जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' खून कोणी केला हे सुरुवातीलाच दाखवते. छळणाऱ्या माजी नवऱ्याच्या हातून सुटताना एका बाईच्या हातून त्याचा खून होतो आणि शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक तो झाकायला पुढे येतो. सगळं आपल्या डोळ्यांसमोर घडतं, तरी शेवटी आपण चकतो. दुवे लपवलेले नसतात, आपणच चुकीच्या जागी बघत असतो. प्रामाणिक रहस्यकथा ती हीच.

आता एक घरचं उदाहरण. १८३९ मध्ये फिलिप मेडोज टेलर यांनी 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही इंग्रजी कादंबरी लिहिली. टेलर निजामाच्या चाकरीत होते आणि तेव्हा वऱ्हाड निजामाकडे होता. पकडला गेलेला ठग अमीर अली एका साहेबासमोर आपली हकीकत सांगतो, अशी तिची मांडणी. त्याची टोळी नागपूरहून हैदराबादकडे निघते, तेव्हा वाटेत भरभराटीची बाजारपेठ म्हणून अमरावती येते आणि पुढे मंगरूळही येतं. सावकाराशी गोड बोलायचं, सोबतीला यायचं कबूल करायचं, दोन-चार मुक्काम विश्वास कमवायचा आणि मग रुमालाने गळा आवळायचा. आपल्या बाजारातून निघालेली ती वाट वाचताना अंगावर काटा येतो.

या पुस्तकाला मी वरचा प्रश्न लावला तेव्हा त्याची कमाई आणि उणीव दोन्ही दिसल्या. कमाई अशी, की अमीर अलीचे आई-बाप ठगांनीच मारले आहेत आणि मारणाऱ्यांतल्याच एकाच्या मांडीवर तो वाढला आहे. त्यामुळे मारणारा आणि मेलेला यांच्यातली रेघ पुसट होते. उणीव अशी, की लिहिणारा साहेब आहे. हा सगळा देशच रस्त्यावर गळे आवळत हिंडतो आहे आणि बंदोबस्त करायला आम्हीच हवे, हा सूर खालून ऐकू येत राहतो. अशी जुनी पुस्तकं जरूर वाचा. मात्र कोण बोलतो आहे आणि कोणाला बोलू दिलेलं नाही, याची नोंद घेत वाचा.

मराठीत सुरुवात करायची तर सुहास शिरवळकर सोयीचे. ॲडव्होकेट अमर विश्वास, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, दारा बुलंद असे त्यांचे वेगवेगळे नायक आहेत. एक आवडला नाही तर दुसरा बघा. अर्नाळकरांची पुस्तकं आकाराने छोटी. बडनेऱ्याला गाडीत बसून सुरू केलेलं पुस्तक अकोला येईस्तोवर बरंचसं संपतं. भय आणि गूढाकडे ओढा असेल तर धारपांची 'लुचाई' आणि मतकरींचा 'खेकडा' हा संग्रह घ्या. आजच्या लेखकांत हृषीकेश गुप्ते यांची 'दंशकाल' आवर्जून वाचा. 'लुचाई'चं मूळ स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'मध्ये आहे. रूपांतर दिसलं की नाक मुरडू नका. परदेशी भूत मराठी वाड्यात आल्यावर काय बदललं हे तपासा, त्यात फार शिकायला मिळतं.

वाचनाची वही ठेवा

मत डोक्यात ठेवलं तर आठ दिवसांत विरतं. शाळेची दोनशे पानी वही पुरते. एका पुस्तकाला एक पान. पान असं आखा :

१. पुस्तक, लेखक, अनुवादक, वाचून संपल्याची तारीख.
२. गोष्ट तीन ओळींत, शेवट न सांगता.
३. त्या प्रकाराचा प्रश्न आणि त्याचं उत्तर.
४. डोळ्यांसमोर राहिलेला एक प्रसंग.
५. एक खटकलेली गोष्ट. कितीही आवडलं तरी ही ओळ रिकामी सोडायची नाही.
६. कोणाला द्यावं, कोणाला देऊ नये.

माझ्या वहीतली अर्थसीची नोंद अशी आहे : "किंमत गेड स्वतः मोजतो, दुसऱ्यावर ढकलत नाही. लक्षात राहिलं : सावली सुटते ती रात्र. खटकलं : बायकांना या जादूत जवळपास जागाच नाही, लिहिणारी बाई असून. बारा वर्षांपुढच्या मुलांना द्यावं, हुशारीचा ताठा चढलेल्यांना आधी." एवढ्या चार ओळी पुरतात. सहा महिन्यांनी वही उघडली की मत बदललेलं दिसतं, तेही शाईचा रंग बदलून खाली लिहा.

पुस्तक मिळवायचं कसं

अमरावतीचं नगर वाचनालय, अकोल्याचं बाबूजी देशमुख वाचनालय आणि तालुक्याच्या गावची सार्वजनिक ग्रंथालयं ही पहिली पायरी. अनामत आणि महिन्याची वर्गणी मिळूनही दोन नव्या पुस्तकांच्या किमतीपेक्षा कमी खर्चात काम भागतं. तिथे 'फँटसी' असं कपाट शोधत बसू नका, बहुधा मिळणार नाही. कादंबरी, अनुवादित, रहस्यकथा, विज्ञानकथा आणि बालवाङ्मय अशा पाच ठिकाणी बघा. जी. ए. कथासंग्रहांत सापडतील, भागवत मुलांच्या कपाटात. काउंटरवर लेखकाचं नाव कागदावर लिहून द्या, नुसतं सांगू नका. पुस्तक नसेल तर मागणीच्या वहीत नोंदवा. त्याच पुस्तकासाठी चार वाचकांनी नोंद केली की पुढच्या खरेदीत त्याचा विचार होण्याची शक्यता वाढते.

दिवाळीनंतर 'नवल' आणि 'धनंजय' हे अंक आवर्जून मागा. गूढ, रहस्य आणि विज्ञानकथेचे नवे लेखक पहिल्यांदा तिथे भेटतात. जुने अंक आणि अर्नाळकर, नाईक यांची पुस्तकं रद्दीच्या दुकानात मिळतात. घेताना शेवटची पानं जागेवर आहेत ना, हे आधी बघून घ्या.

मत सांगताना चार पथ्यं

शेवट फोडू नका. ज्याला ऐकायचा आहे त्यालाही "खरंच सांगू?" असं एकदा विचारा.

न वाचलेल्या पुस्तकावर मत देऊ नका. अर्धं सोडलं असेल तर कितव्या पानावर सोडलं ते सांगा. तेही एक प्रामाणिक मतच आहे.

पुस्तक वाईट म्हणा, वाचणाऱ्याला वाईट म्हणू नका. कुणाला गुरुनाथ नाईक प्रिय असतील, तर त्याच्या वाचनाची सुरुवात तिथून झाली आहे. ती सुरुवात हसण्यावारी नेली की तो माणूस पुस्तकांपासूनच दूर जातो.

आणि मूल वाचत असेल तर आधी स्वतः वाचा. खून आहे म्हणून पुस्तक काढून घेऊ नका. त्या मेलेल्या माणसाबद्दल मुलाला काय वाटलं ते विचारा. त्याचं उत्तर ऐकून पुढचं पुस्तक कोणतं द्यायचं ते आपोआप ठरतं.

आमच्याकडे आजी गोठ सांगायला बसली, की ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असा नियम होता. हुंकार थांबला की ती गोठ थांबवायची आणि म्हणायची, "आयकत नसान तं मी सांगत नाई." वाचकाचं मत म्हणजे तो हुंकार आहे. लेखकाला, अनुवादकाला, ग्रंथपालाला आणि शेजारच्या नव्या वाचकाला तो ऐकू गेला पाहिजे. या उन्हाळ्यात तिन्ही प्रकारांतलं एकेक पुस्तक निवडा, वहीचं पहिलं पान आखा आणि वाचून झाल्यावर निदान एका माणसाला तुमचं मत कारणासकट सांगा.